इअरबड्स घेताना आधी कानात बसतात का बघा

मी गाणं शिकते. गुरूंची ध्वनिमुद्रणं नीट ऐकता यावीत म्हणून महागातले इअरबड्स घ्यायचेत. सोनीचे घेऊ की सेनहायझरचे? (मिरज)

ज्या गावात सतारमेकर गल्ली आहे, तिथल्या गाणाऱ्याला आवाजाची पारख मी काय सांगणार! दुकानात जाताना तुमच्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन जा.

आधी खर्ज, म्हणजे तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या स्वराची तार, ऐका. ऐकता ऐकता बोटाने इअरबड हलकेच आत दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरला, तर इअरबडच्या टोकाची रबरी टिप लहान पडतेय. कान आणि रबर यांत फट राहिली की खालचे स्वर निसटतात. मग इअरबड कितीही महाग असोत. बॉक्समध्ये वेगवेगळ्या मापांच्या टिप्स असतात, त्या सगळ्या लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागलं तर खुशाल वेगळं लावा.

खर्ज जमला की त्यातला स्वयंभू गंधार, म्हणजे त्या तारेतून आपोआप उमटणारा ‘ग’, शोधा. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) चांगली लागली असेल तर तो घरी स्पष्ट ऐकू येतोच. इअरबड्समध्ये त्याच्या जागी नुसती झणझण आली, तर ती जोडी परत ठेवा.

माझा कौल सेनहायझर मोमेंटम ट्रू वायरलेस ४ला. त्यात गळा आणि तार जास्त मोकळी वाटते. सोनीच्या एक्सएम५चा खालचा आवाज मला थोडा जड वाटतो, पण अ‍ॅपमधल्या इक्वलायझरने तो कमी करता येतो. शिवाय त्याच्या फोमच्या टिप्स कान छान बंद करतात. सेनहायझर कानात बसतच नसतील तर बिनदिक्कत सोनी घ्या.

आयफोन आहे. एलडॅकवाले घेतले तर आवाज सुधारेल? (विटा)

एलडॅक म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्यांसह आवाज पाठवायची सोनीची पद्धत. त्यासाठी जादा पैसे घालू नका. आवाज आक्रसून पाठवायच्या अशा पद्धतींना कोडेक म्हणतात, आणि आयफोन एसबीसी आणि एएसी या दोनच कोडेकवर आवाज पाठवतो. एलडॅकचे सेकंदाला ९९० किलोबिट मिळतात ते अँड्रॉइडवर, आणि गर्दीच्या ठिकाणी तिथेही ते खाली येतात. तुम्हाला एअरपॉड्स प्रो सोयीचे.

सातारा-पुणे रोज एसटीने जातो. नॉइज कॅन्सलेशनचा खरंच उपयोग होतो का? (सातारा)

होतो, आणि तुमच्यासारख्यांना सगळ्यात जास्त. इअरबडमधला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर कानात सोडली जाते. संथ, एकसुरी घरघर यात छान विरते. येताना खंबाटकी चढणाऱ्या इंजिनाची तर नक्कीच. हॉर्न, कंडक्टरची घंटी, रडणारं मूल मात्र ऐकू येत राहतं. या कामात बोसचे क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा इअरबड्स मला सरस वाटतात. मोठा फायदा कानांचा आहे: घरघर दबली की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांची मर्यादा सांगितली आहे, आणि तुमचा प्रवास रोजचा आहे. उतरून दुचाकीवर बसाल तेव्हा मात्र दोन्ही काढून खिशात.

तीन वर्षांत उजव्या इअरबडची बॅटरी तासाभरात उतरू लागली. दुरुस्त होईल? (कुपवाड)

आतला लिथियम-आयन सेल थकलाय. तो बदलता येईल अशी बांधणी बहुतेक इअरबड्सची नसते. सर्व्हिस सेंटरला एकच बाजू बदलून मिळते का, केवढ्याला, ते विचारा. नवीन घेतानाही हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात डबी बंद गाडीत ठेवू नका. उष्णतेने सेल लवकर मरतो.