चर्चच्या नव्या पाळकाला (धर्मगुरूला)

रविवारच्या संदेशाची तयारी तू नीट करशील, त्याची मला काळजी नाही. काळजी सोमवार ते शनिवारची आहे.

माझ्या पहिल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी संदेश घासूनपुसून लिहायचो आणि घरभेटी पुढे ढकलायचो. एक आजी तीन रविवार उपासनेला आल्या नाहीत. मी गेलो चौथ्या आठवड्यात, तेव्हा दारात चपलांची रास होती. उशाशी पवित्र शास्त्र, आणि खूण म्हणून त्यात ठेवलेला चष्मा. तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नेहमीची जागा रिकामी दिसली की त्याच संध्याकाळी जा. बोलणं कमी ठेव, चहाला नाही म्हणू नकोस.

अर्पणाच्या पैशाला एकट्याने हात लावू नकोस. दोन पंचांनी मोजावं, वहीत सह्या कराव्यात.

सगळं स्वतःच्या अंगावर घेशील तर बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा 18वा अध्याय वाच. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत होता. सासरा इथ्रो म्हणाला, अशाने तूही थकशील आणि लोकही. मला हे उमगायला फार वर्षं लागली. शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, तरुणांकडे दे. चुकले तरी चालेल.

आणि नारायण वामन टिळकांची भजनं सोडू नकोस. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्तभक्ती आपल्या अभंगात आणली. म्हातारी माणसं ती पुस्तक न उघडता गातात. पेटीवाल्याला चाल आधीच सांगून ठेव.