विमान फ्लोरिडात, घर कॅलिफोर्नियात

छोटं विमान विकत घेऊन स्वतः उडवत घरी आणण्याबद्दल अमेरिकेतल्या मराठी वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यातले काही या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : फ्लोरिडातल्या लेकलँडला १९७५ चं सेसना १७२एम पसंत केलंय. गेल्या दोन वर्षांत ते जेमतेम ११ तास उडालंय. वार्षिक तपासणीची मुदत अजून चार महिने आहे. विमान उडवण्याचे माझे एकूण १४० तास झालेत. शुक्रवारी पैसे देऊन शनिवारी निघावं आणि मंगळवारी घराजवळच्या चिनो विमानतळावर उतरावं, असा बेत आहे. निघण्यापूर्वी काय पाहू? (अर्वाइन, कॅलिफोर्निया)

उत्तर : आधी तो मंगळवार खोडा. आठ दिवसांची रजा टाका आणि परतीचा दिवस ऑफिसात कोणाला सांगू नका.

तुमच्या पत्रातला काळजीचा आकडा म्हणजे ते ११ तास. या विमानातल्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळतं आणि दमट हवेत पोलाद गंजतं. मग एकदम वीस तास उडवलं की गंजलेला पृष्ठभाग झिजून त्याचा कीस तेलात उतरतो. कॉम्प्रेशन (सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतो ते) ७५/८० आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या चाचणीत रिंगा आणि व्हॉल्व्ह कळतात, कॅम कळत नाही. तपासणारा मेकॅनिक तुमचा असावा, विक्रेत्याचा नेहमीचा नको.

पैसे दिल्यावर तेल आणि फिल्टर नवं घाला आणि पहिले तीन-चार तास लेकलँडभोवतीच उडा, शेजारी १७२ ओळखणारा प्रशिक्षक घेऊन. विमा कंपनीही बहुधा हीच अट घालते. ती लेखी मागून घ्या. त्यानंतर फिल्टर कापा, आतला घड्यांचा कागद उलगडा, पिळा आणि त्यावरून चुंबक फिरवा. एखाद-दुसरा कण चालतो. चुंबकाला मिशा फुटल्या तर विमान तिथेच ठेवा.

या इंजिनात आठ क्वार्ट तेल मावतं. सातपर्यंत भरलं की पुरे, आठवा क्वार्ट बहुतेक वेळा पोटाखालच्या पत्र्यावर जातो. लायकमिंगच्या सूत्राने १५० अश्वशक्तीला तासाला जवळपास अर्धा क्वार्ट खप चालतो, पण एवढं पिणारं इंजिन घेऊन वाळवंट ओलांडू नये. सहा ते आठ तासांना एक क्वार्ट लागत असेल तर निघा.

इंधनातलं पाणी ही दुसरी गोष्ट. टाकीच्या झाकणातलं रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं. दोन्ही पंखांखालून आणि इंजिनाजवळच्या गाळणीतून इंधन पेल्यात काढा. अ‍ॅव्हगॅस निळसर असतं आणि पाणी तळाशी वेगळं दिसतं. पेला पूर्ण पाण्याने भरला तर मात्र रेघच दिसत नाही आणि ते स्वच्छ इंधन वाटतं, म्हणून रंग आणि वास दोन्ही पाहा. पाणी निघालं तर पंख हलवा, शेपूट खाली दाबा, थोडं थांबून पुन्हा काढा. डाव्या पंखाखालची हवेची नळी आणि पिटो नळी (वेग मोजण्यासाठी हवा घेणारी) यांत कुंभारमाशी हमखास घर करते, तेही बघा.

खुर्चीचे रूळ विसरू नका. रुळातली भोकं झिजली की टेकऑफच्या वेळी खुर्ची मागे घसरते आणि हातातलं स्टिअरिंग तिच्याबरोबर मागे ओढलं जाऊन नाक आभाळाकडे जातं. यावर एफएएचा (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) २०११-१०-०९ हा सक्तीचा आदेश आहे. त्याची नोंद लॉगबुकात शोधाच, पण रूळ डोळ्यांनीही पाहा.

प्रश्न : याच प्रवासाचा मार्ग कसा आखू? किती इंधन धरू? (तेच वाचक)

उत्तर : सरळ रेषेचा मोह नको. टालाहासी, मोबील, बॅटन रूज, सॅन अँटोनियो, फोर्ट स्टॉकटन, एल पासो, टूसॉन, चिनो ही दक्षिणेची वाट धरा. सगळं मिळून १,९५० नॉटिकल मैलांच्या आसपास भरतं. पश्चिमेकडे जाताना वारा बहुतेक तोंडावरच असतो. १०५ नॉटच्या (तासाला १०५ नॉटिकल मैल) विमानाला १५ नॉटचा वारा धरला तर हातात ९० उरतात, म्हणजे सुमारे २२ तास. तासाला ८ गॅलनने १७५ गॅलन.

टाक्यांतलं वापरता येणारं इंधन ३८ गॅलन, म्हणजे पावणेपाच तास. दिवसाच्या उड्डाणाला नियम ३० मिनिटांची शिल्लक मागतो. अनोळखी विमानात तुम्ही दीड तास ठेवा आणि अडीच-तीन तासांत उतरा. काट्यांवर विसंबू नका, मोजपट्टी टाकीत बुडवून वाचा. पहिल्या टप्प्यानंतर पंपाने भरलेले गॅलन तुमच्या हिशेबाशी ताडून बघा. हिशेब २० आणि पंप २६ म्हणाला तर मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) पातळ करण्यात, म्हणजे त्यातलं इंधन कमी करण्यात, तरी चूक आहे नाहीतर गळती आहे. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

गल्फच्या किनाऱ्याला दमट हवेत कारब्युरेटरमध्ये (इंधन हवेत मिसळतं तिथे) बर्फ धरतो, तोही बाहेर २० अंश असताना. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हळूहळू उतरू लागले की कार्ब हीट (कारब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) पूर्ण ओढा. पहिल्यांदा इंजिन आणखी खडखडेल, कारण वितळलेलं पाणी ते गिळत असतं. तिथेच घाबरून बरेच जण हीट परत बंद करतात, आणि फसतात. मिनिटभर धीर धरा.

पश्चिम टेक्ससमध्ये पहाटे निघा. एल पासोचा विमानतळ ३,९६२ फुटांवर आहे. ३८ अंश तापमानाला हवा विरळ होते आणि विमानाला तो ७,७०० फुटांसारखा लागतो. तिथे मिक्श्चर पातळ न करता निघालं की १५० अश्वशक्तीतली बरीच धुरात जाते. ग्वादालूप खिंडीवर वारा जोराचा असेल तर त्या बाजूला फिरकू नका, व्हॅन हॉर्नवरून हायवे १० धरून जा. पाम स्प्रिंग्सजवळच्या खिंडीतही तेच. तिथे उगाच पवनचक्क्या लावलेल्या नाहीत.

विजेचं एक लक्षात ठेवा. अल्टरनेटर गेला तरी मॅग्नेटोवर (ठिणगीसाठी स्वतःच वीज बनवणारं यंत्र) इंजिन चालत राहतं, पण रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) आणि फ्लॅप (उतरताना पंखांमागून खाली येणारे पत्रे) बॅटरीवर येतात. अनावश्यक सगळं बंद करा आणि फ्लॅपविना उतरण्याचा सराव लेकलँडलाच करून ठेवा.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. विमान माझ्या नावावर होईल का? (प्लेनो, टेक्सस)

उत्तर : नाही. व्यक्तीच्या नावावर नोंदणी हवी असेल तर अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. बाकीचे लोक विश्वस्त नेमून ट्रस्टमार्फत नोंदणी करतात. ते कायदेशीर आहे, पण दरवर्षी खर्च लागतो आणि कागद वकिलाने पाहिलेले बरे. कोणाच्याही नावाने केलं तरी पैसे देण्यापूर्वी ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणी कार्यालयातून विमानावर कोणाचं कर्ज आहे का, हे पाहून घ्या. अर्ज पाठवला की त्याची प्रत विमानात ठेवून उडता येतं, पण फक्त अमेरिकेत. एल पासोला सीमा पंखाखालीच असते, तेव्हा मेक्सिकोत वळसा घालू नका.

प्रश्न : चेरोकी जातीचं एक छोटं विमान फार स्वस्त मिळतंय, पण वार्षिक तपासणीची मुदत संपलीय. घरी आणून तपासणी केली तर? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : विशेष उड्डाण परवाना घेतला तर आणता येईल. त्यासाठी एफएएच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करा. मेकॅनिकने विमान पाहून या उड्डाणापुरतं सुरक्षित असल्याची नोंद लॉगबुकात करावी लागते. सोबत प्रवासी चालत नाहीत, म्हणजे कुटुंबाने गाडीने यायचं. विमा कंपनीची लेखी संमती वेगळी घ्या, कारण अशा उड्डाणाला पॉलिसी आपोआप लागू होईलच असं नाही. आमचं मत विचाराल तर तपासणी विक्रेत्याच्या गावातच करून घ्या आणि खर्च किमतीतून वळता करा. विक्रेता त्याला तयार नसेल, तर विमान स्वस्त का आहे ते कळलं.

प्रश्न : माझ्याकडे भारताचा डीजीसीएचा खासगी वैमानिक परवाना आहे. अमेरिकेत भावाचं विमान आणायला मी वैमानिक म्हणून जाऊ शकतो का? (बारामती)

उत्तर : नुसत्या त्या परवान्यावर नाही. त्याची एफएएकडून पडताळणी करून घेतली की त्यावर आधारित अमेरिकी खासगी परवाना मिळतो. पडताळणीचा अर्ज निघण्याच्या बऱ्याच आधी करा. तिथे गेल्यावर प्रशिक्षकासोबत फ्लाइट रिव्ह्यू (उड्डाणाची उजळणी) करावा लागेल. भावाच्या विमा पॉलिसीत तुमचं नाव घालून घ्या आणि मगच तिकीट काढा.