कोटेशनची एकेक ओळ वाचा : महागड्या गाडीच्या खरेदीवर वाचकांचे प्रश्न

दसरा जवळ आला की गाडीखरेदीच्या प्रश्नांचा ओघ वाढतो. या वेळी बरेचसे प्रश्न पन्नास लाखांच्या वरच्या गाड्यांचे आहेत. त्यातले निवडक घेतले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री आहे. पुण्याच्या एका शोरूममधून पेट्रोल एसयूव्हीचं कोटेशन आणलंय. एक्स-शोरूम 65 लाख, ऑन-रोड 78 लाख 40 हजार. सेल्समन म्हणतो, तुमच्यासाठी 1 लाख सोडतो. अजून ताणावं का? एवढ्या मोठ्या शोरूममध्ये घासाघीस बरी दिसत नाही, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

उत्तर : पिग आयर्नच्या भावात टनामागे शंभर रुपयांसाठी तुम्ही तासभर फोनवर बोलत असाल, आणि त्यात तुम्हाला काही गैर वाटत नसेल. मग इथंच संकोच कशाला? शोरूममध्ये बसलेल्या माणसाचं रोजचं काम भाव करणं हेच आहे. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

पण 78 लाख 40 हजारांवर भाव करू नका. तो आकडा बाजूला ठेवा आणि तुम्ही पाठवलेल्या कागदावरच्या ओळी बघा. रोड टॅक्स 8 लाख 45 हजार : महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के, म्हणजे हिशेब बरोबर आहे. ही रक्कम सरकारजमा होते, तिच्यात कुणी काही सोडू शकत नाही. पुढं टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं तुमच्याकडून गोळा केलेला आयकर, 65 हजार. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का लागतोच, पण हा पैसा तुमच्या पॅनवर जमा होतो. आयकर खात्याच्या करजमेच्या उताऱ्यात दिसला की रिटर्न भरताना वळता करून घ्या. कित्येक जण हे विसरतात आणि गाडीची किंमत म्हणून सोडून देतात.

उरलेल्या ओळींत मात्र जागा आहे. विमा 2 लाख 60 हजार, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज 1 लाख 20 हजार, अॅक्सेसरीज 25 हजार, हँडलिंग चार्जेस 25 हजार. हँडलिंगला सरळ नकार द्या. गाडी विकायला ठेवायची आणि ती शोरूमपर्यंत आणण्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. बहुतेक ठिकाणी ठाम राहिलं की ही ओळ जाते.

विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. बाहेरून दोन कोटेशन मागवा. मात्र आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, तिन्हीकडे सारखाच असू द्या. नव्या गाडीचा आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या 95 टक्के असतो. तो खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवण्याची युक्ती जुनी आहे. तुमच्या जुन्या गाडीवर क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावून घ्या. हप्त्यातली ही सूट 50 टक्क्यांपर्यंत जाते आणि ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, भागावर मिळते. त्यासाठी जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यावं लागतं. एक्स्चेंजमध्ये गाडी देऊन किल्ली सुपूर्द केली आणि पत्र राहिलं, असं फार वेळा होतं.

आता मूळ किमतीतली सूट. ती मॅट, परफ्यूम, सीट कव्हरच्या रूपात घेऊ नका, इनव्हॉइसवर घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40 टक्के जीएसटी आहे. तुमच्या 65 लाखांत सुमारे साडेअठरा लाख कर आहे. इनव्हॉइसवर किंमत उतरली की त्यावरचा जीएसटी आणि टीसीएसही त्या प्रमाणात उतरतो. सूट किती मागायची, हे स्टॉकवर ठरतं. गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा आणि फॉर्म 22 वर, म्हणजे कंपनीनं गाडीसोबत दिलेल्या दाखल्यावर, स्वतः बघा. सात-आठ महिने यार्डात उभी असलेली गाडी असेल तर 1 लाख ही सूट नव्हे. आरसी बुकावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा तेच वाचून भाव पाडणार आहे. तो पडणारा भाव आजच वसूल करा.

एक अपवाद. मर्सिडीजनं 2021 पासून थेट विक्रीची पद्धत आणली आहे. गाडी कंपनी विकते आणि किंमत देशभर एकच असते. तिथं शोरूमवाल्याशी मूळ किमतीवर भांडून उपयोग नाही. जुन्या गाडीची किंमत, कर्जाचा दर, सर्व्हिस पॅकेज यांवर बोला.

प्रश्न : गोकुळ शिरगावात आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. गाडी कंपनीच्या नावावर घ्यावी की लीजवर? लीजवाले म्हणतात, भाड्यावरचा जीएसटी परत मिळतो, शिवाय हप्ताही कमी बसतो.

उत्तर : जीएसटीचं आधी. ड्रायव्हर धरून तेरापर्यंत आसनं असलेल्या प्रवासी गाडीवर इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, सर्वसाधारण कारखान्याला मिळत नाही, मग ती विकत घ्या नाहीतर भाड्यानं. टॅक्सीचा किंवा गाड्या विकण्याचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळं तो मुद्दा हिशेबातून काढून टाका, आणि असं सांगणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांकडेही सावधपणे बघा.

विकत घेतानाचा खर्च असा की, कंपनीच्या नावावर गाडी केली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स सरसकट 20 टक्के लागतो. 65 लाखांच्या पेट्रोल गाडीला 13 लाख, म्हणजे वैयक्तिक नावापेक्षा 4 लाख 55 हजार जास्त. उलट बाजूला घसारा आहे, वर्षाला 15 टक्के, आणि कर्जाचं व्याजही खर्चात जातं. गाडी वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा निम्माच. त्यामुळं ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर गाडी दारात आली की यंदाचा निम्मा घसारा पुढं गेला असं समजा. दसऱ्याचा मुहूर्त नेमका याच सुमारास येतो, म्हणून सीएंशी आधी बोला.

लीजमध्ये घसारा नाही, पण भाडं खर्चात जातं. कमी हप्त्याचं कारण साधं आहे. मुदतीनंतर गाडीची जी किंमत उरेल असं धरलंय, ती हप्त्यातून वजा केलेली असते. म्हणून भाव हप्त्याचा नव्हे, तीन गोष्टींचा करा : गाडीची मूळ किंमत किती धरली, मुदतीअखेरची किंमत किती धरली, आणि व्याज किती. पहिला आकडा बरेचदा सूट न देता पूर्ण एक्स-शोरूम धरलेला असतो. त्यात सूट मिळाली नाही तर लीज घेऊ नका. शिवाय किलोमीटरची मर्यादा बघा. तुम्ही महिन्यातून चार-पाच वेळा पुणे-मुंबई करत असाल तर ती मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही, आणि जादा किलोमीटरचा दर करारात मागच्या पानावर असतो. गाडी परत देताना ओरखड्यांचे पैसे कोण ठरवणार, तेही लेखी घ्या.

कर्ज घेणार असाल तर 'फ्लॅट रेट' ऐकून भुलू नका. 5 वर्षांसाठी फ्लॅट 6 टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास 11 टक्के. आणि अर्धा टक्का किरकोळ वाटतो, पण 50 लाखांवर 5 वर्षांत, 9 ऐवजी 8.5 टक्क्यांनी, सुमारे 73 हजार वाचतात.

प्रश्न : माझे मेहुणे बेळगावला असतात. तिथं गाडी स्वस्त पडेल म्हणतात. खरं का?

उत्तर : नाही. जीएसटी देशभर एकच, आणि कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला रोड टॅक्स 18 टक्के आहे, आपल्यापेक्षा जास्त. परराज्यात पासिंग करून गाडी कोल्हापुरात कायम वापरणार असाल तर बारा महिन्यांनंतर इथली नोंदणी आणि इथला कर सुटत नाही. बेळगावच्या शोरूमचं कोटेशन मात्र जरूर आणा, एमएच 09, म्हणजे कोल्हापूर पासिंगचं. पुण्याच्या शोरूमला ते दाखवायला उपयोगी पडेल.

प्रश्न : पाच वर्षांची जर्मन सेडान, 55 हजार किलोमीटर, 24 लाखांत मिळतेय. गाडी सांगलीच्या पासिंगची आहे. भाव बरोबर आहे का, कसं ओळखावं?

उत्तर : सांगली म्हटलं की मी आधी पुराचं विचारतो, आणि कोल्हापूरच्या गाडीबद्दलही तेच विचारीन. 2019 आणि 2021 ला कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते आपण पाहिलंय. त्या धुऊनपुसून बाजारात आल्या. या वर्गातल्या गाड्यांत सीटखाली आणि डिकीच्या तळाशी इलेक्ट्रॉनिक्स असतं. पाणी गेलेली गाडी वर्ष-दोन वर्षं चांगली चालते आणि मग एकेक मॉड्यूल बंद पडत जातं. तुमची गाडी 2021 च्या पुराआधीची असेल तर हे तपासाच.

बघायचं कसं? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रिळात गुंडाळलेल्या भागावर मळकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीट पुढं सरकवून रुळाचे बोल्ट बघा, गंज आहे का. डिकीतला गालिचा उचला, खाली चिखलाची पूड राहिलीय का ते बोटानं बघा. बाकी गाडी चकचकीत आणि आतून अत्तराचा दरवळ जास्त असेल तर आणखी बारकाईनं बघा.

हे सगळं स्वच्छ निघालं की मग भाव. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी न्या, स्कॅन करून घ्या, सर्व्हिसची पूर्ण नोंद काढा. चार टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, पुढची मोठी सर्व्हिस यांचं एस्टिमेट लेखी घ्या आणि ते विकणाऱ्यासमोर ठेवा. वॉरंटी संपली असेल तर तेही किमतीत उतरलं पाहिजे. लेखी एस्टिमेटपुढं "गाडी एक नंबर आहे ओ" हे बोलणं टिकत नाही. डीलरकडून घेत असाल तर त्याला 18 टक्के जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर लागतो, पूर्ण किमतीवर नाही. कुणी 24 लाखांवर वेगळा जीएसटी मागितला तर उठून या.

कागद : परिवहन खात्याच्या 'वाहन' या संकेतस्थळावर बँकेचा बोजा आणि थकीत चलन बघा, बोजा असेल तर बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा तो धरून सांगितलेला हप्ता खरा मानू नका.

प्रश्न : विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं अॅड-ऑन (जादा संरक्षण) खरंच लागतं का? की सेल्समन उगीच गळ्यात मारतो?

उत्तर : आपल्याकडे लागतं. साध्या पॉलिसीत इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं, आणि या गाड्यांचं इंजिन लाखांत जातं. पावसाळ्यात कोल्हापुरात जयंती नाल्याच्या आसपास किंवा हायवेला पाणी आलं की गाडी आत घालू नका, आणि पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. तसं केलं तर अॅड-ऑन असूनही क्लेम अडकू शकतो. हे अॅड-ऑन घ्या, पण किंमत बाहेरच्या कोटेशनशी ताडून बघा.