"दोष कुणात आहे?" असं बँकेनं विचारलं तर

मी समुपदेशक आहे, गेल्या दोनेक वर्षांत हीच तक्रार माझ्यासमोर इतक्यांदा आलीय की आता लिहूनच टाकते. जोडपं दत्तकसाठी नाव नोंदवतं, वेटिंग काही वर्षांचं असतं, नंबर जवळ आला की पैशांची जुळवाजुळव सुरू होते, लोनसाठी बँकेत जातात आणि समोरचा माणूस पगार-हप्ते सोडून भलतंच विचारतो. स्वतःचं का नाही, ट्रीटमेंट नाही का केली, कुणाचं असेल काय माहीत. मग माझ्याकडं येऊन दोघांचं एकच, मॅडम, उत्तर काय द्यायचं?

त्यातलं एक जोडपं सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. तो अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, ती एका खासगी शाळेत शिकवते. नऊ वर्षं ट्रीटमेंट, त्यासाठी सारखं सोलापूर-पुणे. लोन हवं होतं तीन लाखांचं. शाळेनं सांगितलेलं की रजा बिनपगारी मिळेल, म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च, शिवाय ट्रीटमेंटच्या वेळचं क्रेडिट कार्डाचं देणं आणि हॉलमध्ये पार्टिशन घालून एक खोली.

दत्तकची फी यात फार नव्हती, आणि हे मुद्दाम सांगतेय. कायदेशीर दत्तकची फी सरकारनं ठरवून दिलेली असते, हजारांत असते आणि तिची पावती मिळते. कुणी लाखांचा आकडा सांगत असेल, हॉस्पिटलमधनंच परस्पर बाळ देतो म्हणत असेल, तर लोनबिन राहू द्या, आधी तिथनं उठा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मूल विकणं आणि विकत घेणं दोन्ही गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होते.

तर बँकेत काय झालं, तर फॉर्म भरताना साहेबांनी विचारलं कशासाठी लोन, हिनं खरं ते सांगितलं, आणि मागं चार माणसं उभी असताना साहेब म्हणाले, "मग दोष कुणात आहे?" ही म्हणाली, "माझ्यात."

पहिल्या दोन भेटीत मी नेहमीचंच केलं, उत्तरं तयार करून घेतली, मी साहेब झाले, ती ती झाली. उत्तरं झकास द्यायची आणि संपलं की रडायची. मला आपलं वाटत होतं छान चाललंय, तर कसलं काय.

तिसऱ्या वेळी मी म्हणलं, बँकेत नेणार ती फाईल घेऊन या. निळी प्लास्टिकची फाईल, बटण तुटलेलं म्हणून रबरबँड लावलेला. वर सॅलरी स्लिप, फॉर्म १६, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आधार, पॅन. त्याखाली होम स्टडीची, म्हणजे दत्तकआधी सोशल वर्करनं केलेल्या घरच्या चौकशीची झेरॉक्स. आणि त्याच्याखाली सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, २०१६ ची लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी), सगळं तारखेवार टाचण्या मारून लावलेलं.

"हे बँकेनं मागितलंय?"

"नाही. पण लागलं तर असावं ना मॅडम. आम्ही सगळं करून बघितलं हे त्यांना पटायला पाहिजे."

मला तिथं थांबावंसं वाटलं. नऊ वर्षं या बाईला जो भेटला त्यानं तपासलंच होतं, डॉक्टरांनी, सासूनं, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी उतरणाऱ्या पाव्हण्यांनी. कुणी विचारलं की पुरावा काढून द्यायचा ही सवयच झालेली. मी विवेकनिष्ठ विचारसरणीतली आहे, म्हणजे त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या विचारानं होतो असं मानणारी, माझ्या मते प्रश्न बोचतो तो विचारणाऱ्याला आपण मनातल्या मनात जज्ज करून टाकलेलं असतं म्हणून. हे मी तिला सांगणारच होते, तेवढ्यात सहज तो लॅप्रोस्कोपीचा कागद वाचला.

"यात तर सगळं नॉर्मल लिहिलंय."

कुणीच बोललं नाही. बराच वेळ. अशा वेळी तोंड बंद ठेवायला शिकण्यात माझी बारा वर्षं गेलीत, म्हणून मी गप्प बसले. मग तो म्हणाला, "रिपोर्ट माझा खराब आहे मॅडम. ती माझ्यात म्हणाली तेव्हा मी फॉर्मवर सह्या करत होतो. करतच राहिलो."

आणि ती त्याच्याकडं बघून, पहिल्यांदाच चढ्या आवाजात, "मला त्या साहेबाचं काय नाही वाटलं ओ. तुम्ही मान वर केली नाही."

दोन भेटी मी बँकेशी भांडत होते आणि खरी गोष्ट माझ्यासमोरच्या दोन खुर्च्यांमध्ये होती. त्यानंतरचा पाऊण तास ते दोघंच बोलले.

मग टेबलावर दोन गठ्ठे केले, एक बँकेचा, एक घरचा. इथं लोक दुसऱ्या टोकाला जातात म्हणून सांगते, बँकेचा प्रत्येक प्रश्न आगाऊ नसतो. रजेच्या काळात पगार किती येणार, आधीचे हप्ते किती, घरात अवलंबून किती जण, पैसे कशासाठी, हे विचारायचा बँकेला हक्क आहे आणि तिथं खोटं लिहायचं नाही. "घरखर्च, जुनं देणं आणि खोलीचं काम" एवढं कारण पुरतं आणि ते खरंही आहे. दोष कुणात, मुलगा घेणार की मुलगी, कुठल्या आश्रमातनं, हे हप्त्यात बसत नाही. होम स्टडीची झेरॉक्सही बँकेच्या गठ्ठ्यातनं बाजूला केली. सोशल वर्करनं याहून खोलवर विचारलं होतं, नवराबायकोचं पटतं का इथपासून, पण ती बाळाच्या वतीनं विचारत होती. तसंच उद्या रेफरलमध्ये, म्हणजे दत्तकसाठी सुचवलेल्या बाळाच्या माहितीत, बाळाचा फोटो, मेडिकल रिपोर्ट आला तर तो काउंटरवर दाखवत बसायचा नाही, ते त्या बाळाचं खासगी आहे.

रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढलीय, त्यात खासगीपणाचा हक्क आहे. लोन नाकारलं तर कारण लेखी मागा. वागणूक वाईट असेल तर आधी बँकेकडंच लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं, फुकट असतं, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. आणि लोन फार आधी उचलू नका, नाहीतर बाळ यायच्या आधीच हप्ते सुरू. पण कागद तयार ठेवा, रेफरल आलं की होकार ४८ तासांत कळवायचा असतो.

"कुणाचं असेल" याबद्दल मात्र मला समुपदेशक म्हणून नाही, बाई म्हणून राग येतो. आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात, १८७५ पासून अनाथ बाळांचा आश्रम आहे. दीडशे वर्षं झाली आणि आपलं अजून तेच.

बँकेत परत जाताना काय बोलायचं ते त्यानं स्वतः ठरवलं. "साहेब, लोन फेडण्याशी संबंध असेल ते सगळं विचारा, बाकीचं आमचं घरातलं आहे." आवाज न चढवता, एवढंच. साहेब म्हणे जरा गडबडले, सहज विचारलं हो म्हणाले आणि क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट मागितलं. लोन अडीच लाखच मंजूर झालं, पार्टिशन प्लायवूडचं करायचं ठरलं.

शेवटच्या भेटीला ती तो दुसरा गठ्ठा घेऊन आली. मूळ रिपोर्ट घरी ठेवलेत, या झेरॉक्स घरी फाडल्या तर सासूबाई तुकडे जुळवून वाचतील म्हणाली, इथं फाडू का? माझ्याकडं मशीन कुठलं, तिघांनी हातानंच फाडलं. टाचण्या काढायचं काम त्यानं केलं, एका वाटीत गोळा करून मला दिल्या, आणि तोवर चहावर साय धरली होती.