इलेक्ट्रिक चेनसॉचा ब्रेक सारखा लागतो, पुढचं गार्ड काढून टाकलं तर चालेल का?

नाही चालणार. प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण "सारखं अडतं, काढून टाक ते" हे मी माझ्या धाकट्या काकांच्या तोंडून ऐकलंय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, वर दोन जुने आंबे पडलेले. वीज कधी येईल त्याचा पत्ता नाही, मग भाड्याचा जनरेटर आणि त्यावर काकांचा वायरवाला कटर, म्हणजे चेनसॉ. पडलेली झाडं सगळी एकमेकांत गुंतलेली, वाकून कापताना मनगट गार्डला लागायचं, ब्रेक बसायचा, मोटर बंद. दुसऱ्या दिवशी काकांनी गार्ड काढलं आणि आतला खटका तारेनं बांधून टाकला. मी नको म्हटलं, तर म्हणे ब्रेक नवशिक्यांसाठी असतो, आणि हा काय पेट्रोलचा आहे का. तिसऱ्या दिवशी आंब्याची फांदी कापताना चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीचं टोक, वरच्या अंगाचं, पलीकडच्या पोफळीला टेकलं आणि कटर जो उसळला तो थेट डाव्या खांद्यावर. 11 टाके पडले. रस्त्यात जागोजागी झाडं, दवाखान्यात पोचायला अडीच तास, तोवर मी पंचा दाबून धरून बसलेलो. काका आजही सांगतात की पाय घसरला. मी पाच फुटांवर उभा होतो, पाय तसूभरही हलला नव्हता.

टोकाला चेन वरून खाली वळते, तिथं तिला लाकूड लागलं की ती कापत नाही, अडकते, आणि मोटरचा सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो. हे इतक्या पटकन होतं की वीस वर्षांचा अनुभव असला तरी माणूस काही करू शकत नाही, म्हणून तर ब्रेक आहे. हाताची मागची बाजू गार्डवर आपटते किंवा झटक्यानं गार्ड स्वतःच पुढे पडतं आणि चेन जागेवर थांबते. विजेचा कटर आवाज कमी करतो म्हणून लोकांना तो गरीब वाटतो, पण चेन तीच आहे.

तुमचा ब्रेक सारखा का लागतोय, तर बहुतेक साइड कव्हरच्या आत भुसा आणि तेलाचा गोळा झाला असेल किंवा चेन बोथट असल्यानं तुम्ही दाबून कापत असाल आणि मशीन धक्के खात असेल. साफ करा, धार लावा, तरी लागत असेल तर स्प्रिंग बघायला सर्व्हिसला द्या. बटण सोडल्यावर चेन थांबते तो वेगळा ब्रेक, त्यावर समाधान मानू नका. रोज काम सुरू करण्याआधी चेन फिरत असताना हँडल न सोडता डाव्या मनगटानं गार्ड पुढे ढकलून बघा, चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे, घरंगळत थांबली तर ते मशीन वापरू नका.

ब्रेक असला म्हणून उसळायचं थांबत नाही हेही खरं, फक्त अंगावर येईपर्यंत चेन बहुतेक बंद झालेली असते, त्यामुळे कटर दोन्ही हातांनी धरायचा आणि खांद्याच्या वर कापायचं नाही. आणि कव्हर उघडण्याआधी बॅटरी किंवा प्लग काढा, हे आधीच लिहायला हवं होतं.