चॅटबॉटने सांगितलेला आकडा

औषधपाणी, पैसा, कोर्टकचेरी अशा जोखमीच्या कामात एआय चॅटबॉटवर कधी विसंबावं, असं तुम्ही विचारलंय. माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, म्हणून बागेतलाच अनुभव सांगतो.

गेल्या हंगामात मण्यांत पाणी उतरत होतं, म्हणजे द्राक्षं पिकायला लागली होती, आणि एक्सपोर्टच्या प्लॉटमध्ये भुरी (बुरशीचा रोग) दिसली. रात्री चॅटबॉटला विचारलं, हे बुरशीनाशक मारलं तर किती दिवसांनी काढणी करता येईल? त्याने लगेच आकडा दिला. मग मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी काढली, कुठल्या औषधानंतर काढणीला किती दिवस थांबायचं ते सांगणारी, आम्ही बागायतदार जिला अ‍ॅनेक्शर ५ म्हणतो ती. तिच्यात जवळपास दुप्पट दिवस होते. "नक्की का?" असं परत विचारल्यावर त्याने माफी मागितली आणि तिसराच आकडा सांगितला.

दोन्ही वेळा बोलणं सारखंच ठाम. मला भीती वाटते ती याची. आमचे सल्लागार अडखळतात, "उद्या प्लॉट बघून सांगतो" म्हणतात, आणि त्यावरूनच आपल्याला कळतं की इथे जपून राहायचं. चॅटबॉट पुढचा संभाव्य शब्द जुळवत जातो. आकडाही तसाच, खरा-खोटा न बघता जुळवलेला असू शकतो. आणि तो चुकला तर औषधाचा अंश मालात राहतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तेव्हाचे हाल नाशिककर विसरलेले नाहीत.

कोर्टाचं म्हणाल, तर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड बसला.

म्हणून मी दोनच गोष्टी बघतो: चूक झाली तर निस्तरता येईल का, आणि उत्तर पडताळायला मूळ कागद हाताशी आहे का. कर्जाच्या कागदातली किचकट भाषा मी त्याच्याकडून सोपी करून घेतो, पण सही करण्याआधी ते कलम स्वतः वाचतो. आईचा रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना काय विचारायचं याची यादी त्याच्या मदतीने करतो, आणि तिथे त्याचा खरंच खूप उपयोग होतो. गोळी कमी-जास्त करायची ती मात्र डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

आणि छातीत दुखतंय, फवारणीचं औषध पोटात गेलंय, अशा वेळी कृपा करून टाइप करत बसू नका. १०८ लावा, औषधाची बाटली सोबत घ्या.