आईवडील शिवाजी विद्यापीठाचे, मुलगी मात्र ‘बाहेरची’?

प्रश्न : मी १९९६ साली सांगोल्यात शिकून शिवाजी विद्यापीठाची पदवी घेतली. मुलगी यंदा सांगोल्यातूनच बी.एस्सी. झाली. तिला कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं आहे, पण अर्जात ती ‘इतर विद्यापीठ’ गटात जाते म्हणतात. असं कसं? आणि तिथला खर्च झेपेल का?
— एक पालक, सांगोला

उत्तर : म्हणतात ते बरोबर आहे. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं, तेव्हापासून तुमचा सोलापूर जिल्हा कोल्हापूरशी जोडलेला होता. २००४ साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळालं. कोल्हापूरकडे आता कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे उरलेत. तुमच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाची मोहोर असली तरी मुलीच्या गुणपत्रकावर सोलापूरची आहे आणि प्रवेशाला तीच धरतात.

म्हणून स्थलांतर प्रमाणपत्राचा, म्हणजे एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाण्याच्या दाखल्याचा, अर्ज निकाल लागताच सोलापूर विद्यापीठाकडे करा. बरेच जण यादीत नाव लागेपर्यंत थांबतात आणि मग धावपळ होते. आधी महाविद्यालयाची ग्रंथालय-प्रयोगशाळेची थकबाकी मिटवा, तोवर दाखला मिळत नाही. दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रकांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, ते आजच बघा. एका अक्षराच्या फरकानेही पात्रता अडकते. आरक्षणातून अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागेल. नॉन-क्रीमी लेअर लागू असेल तर त्याची मुदतही तपासा, ती बहुधा ३१ मार्चला संपते.

अर्ज भरताना ‘अधिविभाग’ आणि ‘संलग्न महाविद्यालय’ यांत गल्लत करू नका. अधिविभाग म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग. ते विद्यापीठाच्या आवारात असतात, तिथे यादी प्रवेश परीक्षेच्या गुणांवर लागते. वनस्पतिशास्त्रासाठी आमचा कौल निःसंशय अधिविभागालाच. तिथल्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या, म्हणजे सेरोपेजियाच्या, दुर्मीळ जाती जतन केल्या आहेत. या फुलाच्या नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात. आत शिरलेली चिमुकली माशी त्यामुळे अडकते आणि केस सुकल्यावरच परागकण घेऊन सुटते. चित्रावरून हे पाठ करणं वेगळं आणि फूल उभं चिरून भिंगाखाली बघणं वेगळं.

खर्चासाठी ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी जरूर करा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या काळापासून ती इथे रुजलेली आहे. कार्यालयांत, ग्रंथालयात रोज काही तास काम केलं की त्यावर राहण्याजेवणाचा भार निघतो. जागा मोजक्या असतात, त्यामुळे प्रवेश झाल्या झाल्या अर्ज द्यायला हवा. प्रात्यक्षिकांच्या वेळा सांभाळून काम मिळेल का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून येते. मुलीची दोन बँक खाती असतील तर पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं बंद पडलेलं असेल तर रक्कम परत फिरते. तेव्हा अर्जाआधी बँकेत जाऊन ‘आधार सीडिंग’ कोणत्या खात्याला आहे, ते विचारा.